पहारेकऱ्याची आजारी रजा

तोंडात टूथब्रश असताना माणसाला काही विचारू नये, आणि विचारलंच तर त्याचं उत्तर खरं धरू नये. पण पहारेकऱ्याच्या बायकोने विचारलंही आणि धरलंही.

"परवा ताई आणि भावोजी येतायत. एकच दिवस आहेत. शहर दाखवाल ना त्यांना?"

"हूं," तो म्हणाला. त्याला खरं तर "हूं, बघू" म्हणायचं होतं. त्यातलं "बघू" फेसात अडकलं. चूळ भरून तो बाहेर येईपर्यंत बायकोने बहिणीला फोन करून "ह्यांनी मुद्दाम सुट्टी काढलीय" असं सांगूनसुद्धा टाकलं होतं.

पहारेकरी म्हणजे बंदरावरच्या जहाजांच्या म्युझियममधला पहारेकरी. तळमजल्यावरचं नांगरांचं दालन त्याच्याकडे. बावीस वर्षं तो तिथे दहा ते सहा उभा होता. बघायला येणारे लोक जुने नांगर बघत, तोफा बघत, होकायंत्रं बघत. पहारेकरी बसायला कुठे मिळेल ते बघे. दालनात खुर्ची एकच, तीही दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कप्तानाची, आणि तिच्यावर कुणी बसू नये म्हणून लक्ष ठेवण्याचाच त्याला पगार. सुट्टीच्या दिवशी कुणी "म्युझियम" म्हटलं तरी त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत.

आता सुट्टी आणायची कुठून? किरकोळ रजा केव्हाच संपलेल्या. शिल्लक होती ती आजारपणाची. ठरल्या दिवशी सकाळी त्याने ऑफिसला फोन लावला, आवाज खोल विहिरीत सोडला आणि म्हणाला, "कंबर धरलीय हो. उठवतच नाही."

"बरं," कारकून म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. (एवढ्या मेहनतीने काढलेल्या आवाजाला निदान "जपा" तरी यायला हवं होतं, असं पहारेकऱ्याला वाटून गेलं.)

"आणि हे बघा," बायको दारातच म्हणाली, "मी ताईला सांगितलंय की खालचं सगळं दालन ह्यांच्या हाताखाली असतं. तेव्हा उगाच पहारा, शिट्टी असलं काही बोलू नका."

साडू निवृत्त शाळा-तपासनीस. त्यामुळे यादी हातात असल्याशिवाय त्याचं पाऊल उठत नसे. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने मोबाईल पुढे केला. 'बंदराच्या शहरात कुटुंबासह काय काय पाहाल?' खाली एकूण अकरा ठिकाणं.

"साडूभाऊ, सगळी करायची. जेवणाला वीस मिनिटं धरलीयत."

"आणि बसायला?"

"बसमध्ये बसूच की!"

बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती.

यादीत सातव्या क्रमांकावर जहाजांचं म्युझियम होतं. पहारेकऱ्याने ती ओळ दोनदा वाचली. कंबर धरलेला माणूस सहकुटुंब दारात उभा राहिला, तर क्युरेटर बाई मेमो नाही, थेट घरचा रस्ता दाखवतील. बाईंचा कायदा कडक होता.

"ते शेवटी ठेवू," तो घाईघाईने म्हणाला. "घरचंच आहे."

त्याचा हिशेब साधा होता. अकरा ठिकाणं काही एका दिवसात होत नाहीत. शेवटचं आपोआप गळेल.

जुन्या जकात घरापासून सुरुवात झाली. तिथे चार दालनं भरून नुसते तराजू होते. साडू प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवत होता आणि मेव्हणी प्रत्येक पाटीला "अगंबाई" म्हणत होती. त्यांची नऊ वर्षांची धाकटी, तिला सगळे चिमणी म्हणत, प्रत्येक तराजूत बसता येईल का ते बघत होती. पहारेकरी सवयीने भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभा राहिला. पाच मिनिटांत तिघांनी येऊन त्याला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. त्याने तिघांनाही जिन्यामागे पाठवलं. तो तिथे पहिल्यांदाच आलेला होता, पण स्वच्छतागृह जिन्यामागेच निघालं. (या धंद्यातलं एवढं ज्ञान त्याला होतं.)

"तुम्ही इथे कसले उभे राहिलायत?" बायको येऊन कुजबुजली. "पाहुण्यांसारखे वागा जरा. फिरा, बोट दाखवा, काहीतरी विचारा."

मग दोरखंडांचं घर झालं. मग पोतदारांची गल्ली, मग बंदराचा जुना कोट. मग दीपगृह.

दीपगृहाला एकशे शहाण्णव पायऱ्या होत्या. साडूने त्या मोजल्या, आणि मध्येच चिमणीने "काका, आता किती?" विचारल्यामुळे चुकल्या म्हणून उतरताना पुन्हा मोजायच्या ठरल्या. वर वारा होता, खाली बोटी होत्या, लांबवर समुद्र होता. पहारेकऱ्याने यातलं काही बघितलं नाही. तो कठडा धरून डोळे मिटून उभा होता. उतरताना एकशे बाराव्या पायरीवर चिमणीच्या हातातली टोपी पडली. ती उचलायला तो वाकला, आणि कंबरेत कुणीतरी कुलूप घातल्यासारखा खट्ट आवाज झाला.

तो तसाच राहिला.

"अहो, चला ना, मागे लोक आहेत."

"कंबर धरलीय."

बायकोने बहिणीकडे एकदा बघितलं आणि त्याच्या कानाशी आली. "ते फोनवरचं होतं. आता कशाला?"

"अगं, खरंच धरलीय. उठवत नाही."

"सकाळी असंच म्हणालात, आणि नंतर दोनदा चहा मागितलात. सरळ व्हा बघू."

सरळ व्हायची त्याचीही इच्छा होती. उरलेल्या पायऱ्या तो समईपुढे वाकल्यासारखा उतरला. साडू पुढून मोजत होता. खाली एकशे सत्त्याण्णव भरल्या. साडू विचारात पडला, पण परत वर जायचं काही म्हणाला नाही, हे पहारेकऱ्याचं नशीब.

नशीब तेवढंच. मत्स्यालयाला 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी. पाणबुडीपुढे एवढी रांग, की तिचं शेपूट पुढच्या चौकात. बाहुलीघराचा खेळ संपलेला, उरलेली दोन ठिकाणंही बंद. यादी कापरासारखी उडाली आणि पावणेचारलाच साडू आनंदाने म्हणाला, "म्हणजे राहिलं तुमचं म्युझियम!"

"आता नको. सगळे दमलेत."

"कोण दमलंय?" साडूने विचारलं. कुणीच दमलं नव्हतं.

"काका, तुमचं ऑफिस!" चिमणीने त्याचा हात धरून ओढला. ती ओढेल तिकडे तो निघाला. वाकलेल्या माणसाला प्रतिकार करता येत नाही.

दारापाशी त्याने साडूचा गॉगल मागून घेतला आणि चिमणीची टोपी डोक्यावर दाबली. तिकीट खिडकीत त्याच्या चहाचा जोडीदार बसलेला होता. अकरा वर्षं दोघं रोज चार वाजता एकाच बाकावर चहा पीत. पहारेकऱ्याने मान आणखी खाली घातली. जोडीदाराने खिडकीतून वाकून बघितलं आणि तिकिटं फाडली.

"चार साधी, आणि आजोबांचं ज्येष्ठ नागरिकाचं. आजोबा, आत डाव्या हाताला चाकाची खुर्ची मिळेल हं."

पहारेकरी एक्कावन्न वर्षांचा होता. ओळखलं नाही म्हणून सुटकेचा निःश्वास सोडावा की आजोबा म्हणाला म्हणून भांडावं, हे त्याला कळेना. शेवटी तो नुसताच आत गेला. चाकाची खुर्ची त्याने बघून ठेवली. बसायला मात्र बायकोने दिलं नाही. "ताई काय म्हणेल?"

नांगरांच्या दालनात गर्दी होती. साडू पाट्या वाचू लागला. एका नांगराचं वजन त्याने चुकीचं वाचलं, आणि बावीस वर्षं ते वजन डोळ्यांपुढे असलेल्या पहारेकऱ्याने दात आवळून ते ऐकून घेतलं. पाचच मिनिटं, तो स्वतःला म्हणत होता, पाच मिनिटं मुकाट्याने काढ.

तेवढ्यात चिमणी दोरी ओलांडून गेली आणि तिने खांद्यापर्यंत हात तोफेच्या तोंडात घातला.

"ए! हात बाहेर! दोरीच्या मागे! सगळ्यांनी दोरीच्या मागे!"

तो आवाज त्याने काढला नाही, आपसूक आला. बावीस वर्षांचा होता. दालनातले चाळीसएक लोक एका पावलात मागे सरले. साडूसुद्धा सरला. मेव्हणीने "अगंबाई" म्हटलं. आणि पलीकडच्या दारातून दोन पाहुण्यांना घेऊन येणाऱ्या क्युरेटर बाई थांबल्या.

बाई सावकाश जवळ आल्या. त्यांनी खाली वाकून गॉगलमध्ये बघितलं.

"तुम्ही?"

पहारेकऱ्याने टोपी काढली. ताठ उभं राहायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यात राहिला. मग मात्र त्याचा बांध फुटला.

"बाई, चुकलं. सकाळी फोन केला तेव्हा कंबर दुखत नव्हती, आता दुखतेय. रजा खोटी घेतली, पण आजार खरा झाला. हे माझे साडू. ही मेव्हणी. शहर दाखवायचं होतं. किरकोळ रजा नव्हती. दालन माझ्या हाताखाली वगैरे काही नाही, मी इथे उभा असतो. मेमो द्या, पण आधी कुठेतरी बसू द्या."

बायकोने डोळे मिटून घेतले. साडू कधी बाईंकडे, कधी त्याच्याकडे बघत होता. बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण ती रागाची नव्हती. काहीतरी जुळत नसल्याची होती.

"रजा? कुठली रजा?" त्या म्हणाल्या. "मला कुणी काही बोललं नाही. आणि सकाळी साडेदहाला मी इथून गेले तेव्हा तुम्ही होतात की! मी 'काय, बरं आहे ना' म्हणून विचारलंसुद्धा. तुम्ही काही बोलला नाहीत, पण म्हटलं, हे नेहमीच गप्प असतात."

"मी? कुठे होतो मी?"

बाईंनी कोपऱ्यातल्या जहाजाच्या शिडीकडे हात केला. सगळ्यांनी तिकडे बघितलं. शिडीपाशी, पहारेकऱ्यांसारखाच निळा सदरा घालून, हात मागे बांधून, गेल्या आठवड्यात आणून ठेवलेला प्लास्टरचा खलाशी उभा होता.

बाईंनी खलाशाकडे एकदा नीट बघून घेतलं. मग घसा साफ केला.

"असू दे, असू दे. कंबर सांभाळा. दोन दिवस घरी पडून राहा. दालनाचं काही अडत नाही, आज बघितलंच आपण."

त्या पाहुण्यांना घेऊन पुढे गेल्या. बायकोने शेवटी जाऊन चाकाची खुर्ची आणली, आणि दिवसभरात पहिल्यांदा पहारेकरी बसला. साडू खलाशाभोवती एक चक्कर मारून आला. त्याने पाटी शोधली, पण पाटी नव्हती. मग तो खुर्चीपाशी आला, पहारेकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला,

"मनाला लावून घेऊ नका, साडूभाऊ. पण एक सांगू का? उभा तो तुमच्यापेक्षा चांगला राहतो."