साबणासाठी सूर्यफूल तेल निवड समिती

आमची मुलगी नर्स आहे. दिवसातून पन्नास वेळा हात धुऊन तिच्या बोटांना भेगा पडल्या आणि बाजारातला एकही साबण तिला सोसेना. म्हणून तिच्या आईने, म्हणजे आमच्या हिने, घरीच साबण करायचं ठरवलं. निर्णय तोंडी होता, हे मी तेव्हाच निदर्शनास आणून दिलं.

"सूर्यफुलाचं तेल आणा," ही म्हणाली. "साधं नको, त्याचा साबण लवकर खवट होतो. हाय ओलिक म्हणून मिळतं ते टिकतं. बाटलीवर लिहिलेलं असतं."

तीस वर्षं खरेदी विभागात काढलेला माणूस बाटलीवरच्या मजकुरावर विसंबत नाही. शिवाय ते तेल एकाच दुकानात होतं. एकच पुरवठादार म्हणजे स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही म्हणजे उद्या चौकशी. मी हात हलवत परत आलो आणि त्रिसदस्यीय समिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य माझे थोरले बंधू, निवृत्त भांडारपाल, आणि मेहुणा, कारण तो मोकळाच असतो. मुलीला बैठकीत घेतलं नाही. लाभार्थी तीच, तेव्हा तिचं मत निःपक्षपाती कसं असणार?

"टिकतं म्हणजे किती?" बंधूंनी विचारलं.

"वर्षभर, असं लिहिलंय," मेहुणा म्हणाला.

"मग वर्षभर ठेवून बघायला हवं."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही तेलांच्या नमुना बाटल्या बूच काढून खिडकीत ठेवल्या.

"अहो, साबण मुरायलाच महिना लागतो," ही म्हणाली. "पोरीने तोवर कळ काढायची, वर तुमचं वर्ष. त्या टिकाऊ तेलाचं काय लोणचं घालायचंय?"

इतिवृत्तात नोंद झाली: लोणचे, विषयपत्रिकेबाहेरील बाब.

चौथ्या दिवशी ही स्वतःच जाऊन बाटली घेऊन आली. मंजुरीविना खरेदी म्हणून ती लाखेने बंद करून मी कपाटात ठेवली, आणि निर्णय होईपर्यंत आमच्या घरच्या कोणालाही हे तेल विकू नये, असं दुकानदाराला लेखी कळवलं. दर सोमवारी आम्ही तिघे दोन्ही बाटल्या हुंगून सही करत असू.

"बाबा, झालं का?" मुलगी बोटांना पट्ट्या गुंडाळत विचारायची.

"प्रक्रिया सुरू आहे."

सातव्या महिन्यात तिने वॉर्ड सोडला आणि नावनोंदणीच्या खिडकीवर बदली मागून घेतली. तिथे सारखे हात धुवावे लागत नाहीत. वॉर्डातल्या पेशंटांवर तिचा फार जीव होता. मलाही वाईट वाटलं, पण ते समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हतं.

वर्षाअखेरीस बेचाळीस पानी अहवाल एकमताने मंजूर झाला आणि मी पिशवी घेऊन दुकानात गेलो.

"ते तेल मागवणं बंद केलं, साहेब," दुकानदार म्हणाला. "घेणाऱ्या एकट्या तुमच्या बाई. त्यांना विकू नका म्हणून तुमचंच पत्र आलं."

अहवालाचं मात्र सगळीकडे कौतुक आहे. प्रती मागायला लोक घरी येतात, मुलगीच दार उघडते, आणि प्रत्येकजण तिच्या खांद्यावरून आत बघत मला विचारतो, शेवटी कोणतं तेल ठरलं? तुम्हीही तेवढ्यासाठीच इथवर वाचत आलात. तिचे हात कसे आहेत, हे अजून कोणी विचारलेलं नाही.