मागच्या अंगणातलं सेंटर कोर्ट

यंदाच्या जुलैत एका शुक्रवारी मी ठरवलं की लॉन आपणच कापायचं. बस्स, एवढंच. पुढे जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं हे आधीच सांगून ठेवतो, कारण इकडे परदेशात, नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळींत सध्या ही हकिकत वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते आणि प्रत्येक प्रकारात मी आधीपेक्षा थोडा जास्त पळतो.

एरवी लॉन कापायला एक कंपनी येते. माणसं मशीन फिरवतात, मी मीटिंगमधून खिडकीतून त्यांना हात करतो, आणि लॉनशी माझा संबंध तिथे संपतो. पण या वर्षी घरात माझ्या सासूबाई होत्या.

सासूबाई म्हणजे शुभाताई. नागपूरहून एप्रिलमध्ये आल्या आणि पुढच्या बुधवारी परत निघणार होत्या. स्वभावाने शांत, पण कौतुकाच्या बाबतीत हात फार आखडता. मी एकदा त्यांच्यासाठी आलं घालून चहा केला, तर एक घोट घेऊन म्हणाल्या, "गरम आहे." (मी ते कौतुकातच जमा केलं. दुसरं काही जमा करायला नव्हतंच.)

या सासूबाईंना वेड एकाच गोष्टीचं, विम्बल्डन. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काळापासून त्यांनी एकही फायनल चुकवलेली नाही. स्वतः आयुष्यात रॅकेट धरलेली नाही, पण सोफ्यावर बसून जगातल्या एक नंबरच्या खेळाडूला "अरे, नेटवर ये ना बाबा" असं सांगायचा त्यांना पूर्ण अधिकार होता. रॅली चालू असताना घरात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. मी एकदा रॅलीत शिंकलो होतो. त्यानंतर दोन गेम्स माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

तर गुरुवारी बायकांची सेमीफायनल बघताना त्या मध्येच म्हणाल्या, "एकदा त्या गवतावर नुसता पाय ठेवून बघायचा होता. ह्यांचं दर वर्षी चालायचं, पुढच्या वर्षी नक्की जाऊ म्हणून."

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. आणि मला एकदम वाटलं, की यांना आपण हे गवत द्यायचं. लंडन जमणार नाही, पण मागचं अंगण तर आपल्या हातात आहे!

"आई," मी म्हणालो, "रविवारी फायनल झाली की आपण आपल्या अंगणात खेळू. ग्रास कोर्टवर. मी करतो तयार."

"तुला टेनिस येतं?" उत्तराने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"कॉलेजात खेळायचो."

"टेबलावरचं."

"नियम साधारण तेच असतात," मी म्हणालो आणि शुक्रवारी गॅरेजमधून मशीन बाहेर काढलं.

विम्बल्डनचं गवत आठ मिलिमीटर ठेवतात, हे मी वाचलं होतं. आमचं मशीन तेवढं खाली जात नाही, म्हणून मी त्याला सगळ्यात खालच्या खाचेवर आणलं आणि वर स्वतःचा जोर दिला. इथे एक गोष्ट मला कुणीतरी सांगायला हवी होती. जमीन वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. जिथे उंचवटा होता तिथे मशीनने गवतासकट माती उचलली. जिथे खड्डा होता तिथे गवत जसंच्या तसं उभं. दुपारी माझी मुलगी इला बाहेर आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "इट लुक्स लाइक युअर हेड."

(ती अकरा वर्षांची आहे. या वयात मुलं खरं बोलतात आणि तेही इंग्लिशमध्ये.)

मी खचलो नाही. टीव्हीवरसुद्धा दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळचं गवत उडालेलंच असतं. आमचं पहिल्याच दिवशी उडालं, एवढाच फरक. शनिवारी मी दुकानातून रॅकेट आणि बॉल आणले, इलाची बॅडमिंटनची जाळी खाली ओढून बांधली. राहता राहिल्या रेषा. दुकानात पांढरा स्प्रे मिळत होता, पण तो महिनाभर जात नाही म्हणून उत्तराने आधीच नाही म्हटलं होतं. मग मला आठवलं, सासूबाईंनी येताना बॅगेतून रांगोळी आणली आहे. गॅरेजच्या फळीवर एक पांढरीशुभ्र पिशवी होतीही. हात घालून बघितलं, तर मऊ, बारीक. उत्तम दर्जाची रांगोळी.

तरी मी विचारल्याशिवाय घेतली नाही, हे नोंदवून ठेवा. उत्तराचं त्या शनिवारी ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज होतं. ती कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसली होती. मी दारातून पिशवी दाखवत विचारलं, "ही सगळी वापरू?"

तिने माझ्याकडे बघत तीन-चार वेळा ठामपणे मान हलवली. "येस. गो अहेड," असंही म्हणाली.

मी गो अहेड केलं. संध्याकाळी आमच्या अंगणात चारी बाजूंनी पांढऱ्या रेषा मारलेलं छोटंसं कोर्ट तयार होतं. सासूबाई काचेच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. "रेषा सरळ आल्यात," त्या म्हणाल्या. "गरम आहे" नंतरचा हा एवढा मोठा पल्ला! मी त्या रात्री फार छान झोपलो.

रविवारी सकाळी प्रतापकाका आले. डॉक्टर प्रताप हे आमच्याकडचे जुने रिटायर्ड सर्जन, आणि ते एकदा खरोखर विम्बल्डनला जाऊन आलेले आहेत. हे तुम्हाला कळलं नाही तर ते सांगतात, आणि कळलेलं असलं तरी सांगतात. नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, वर स्वेटर, हातात स्ट्रॉबेरीचा डबा. माझ्याकडे पांढरं म्हणजे फक्त लखनवी कुर्ता आणि पायजमा होता, तो मी स्पोर्ट्स शूजवर घातला होता.

"गुरुनाथ," त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, "तू खेळणार आहेस की सत्यनारायणाला बसणार आहेस?"

फायनल सुरू झाली. सासूबाई सोफ्याच्या मधोमध, मांडीवर हात ठेवून. सामना असा रंगला की प्रतापकाकासुद्धा गप्प बसले. चौथा सेट, स्कोअर बरोबरीत, आणि बाहेरून आवाज आला. गाडीचा जुना हॉर्न कुणी पुन्हा पुन्हा दाबावा तसा.

इला उठून काचेशी गेली. "ओ माय गॉड. बाबा, देअर आर गीज ऑन अवर कोर्ट!"

आमच्या घरामागे एक तळं आहे आणि तिथे कॅनडा गीजचा मोठा कळप राहतो. काळ्या मानेचे, गालावर पांढरा पट्टा असलेले. एरवी ते तळ्याच्या काठाने असतात. आज पूर्ण कुटुंबकबिला अंगणात आला होता, आणि ओळीने, अगदी शिस्तीत, माझी बेसलाइन खात होता.

सासूबाई ब्रेकमध्ये उठून आल्या. बघत राहिल्या.

"गुरुनाथराव, इकडचे हंस रांगोळी खातात?"

"आई, हे हंस नाहीत, गीज आहेत. बदकांपैकी."

"हंसच आहेत. मान बघा. पण रांगोळी खातात?"

उत्तरा वळून म्हणाली, "कुठली रांगोळी? रांगोळी तर देवघरात आहे."

"गॅरेजमधली. पांढरी पिशवी. तुला विचारलं काल. तू गो अहेड म्हणालीस."

"मी आमच्या मॅनेजरला गो अहेड म्हणाले! रिलीजला!"

"कुठली पिशवी?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

"ती... फळीवरची, आई."

"ती मोदकांची पिठी होती," सासूबाई म्हणाल्या. "आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून दळून आणली होती. उत्तराला गणपतीला हवी म्हणून."

टीव्हीवर नेमकी त्याच वेळी अंपायरने शांततेची विनंती केली.

अशा वेळी माणसाने काहीतरी करायला हवं. मी रॅकेट उचलली आणि दार सरकवून बाहेर गेलो. "विम्बल्डनवाल्यांकडे पक्षी हाकलायला ससाणा असतो," प्रतापकाका मागून म्हणाले. "मी बघितलाय."

आमच्याकडे मी होतो. मी हात पसरून "हुश्श! हुश्श!" करत सर्व्हिस लाइनपर्यंत गेलो. बाकीचे जरा मागे सरले, पण त्यांतला एक मोठा नर सरला नाही. त्याच्या मागे त्याची मादी होती आणि बऱ्यापैकी वाढलेली पिल्लं. त्याने मान खाली घातली, जमिनीला समांतर आणली, चोच उघडली आणि प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधी जसा आवाज येतो तसा आवाज केला.

मी थांबलो. तो थांबला नाही.

पुढची हकिकत मी थोडक्यात सांगतो. मी जाळीच्या डावीकडून पळालो, तोही डावीकडून आला. मी जाळीवरून उडी मारली (पायजम्याने मारली नाही). उठून पुन्हा पळालो. एक बूट कोर्टच्या दुसऱ्या बाजूला राहिला. शेवटी मी मागच्या दाराबाहेरच्या पॅटिओवरच्या खुर्चीवर चढलो आणि रॅकेट छातीशी धरून उभा राहिलो. तो खाली येरझाऱ्या घालत होता. वरून बघताना लक्षात आलं की खुर्चीवर एवढा उंच झाल्यामुळे मी अगदी अंपायरसारखा दिसत असणार. फक्त अंपायर कापत नसतो.

काचेच्या आत सगळे एका ओळीत उभे होते. प्रतापकाका हातवारे करून काहीतरी सांगत होते. "ॲडव्हान्टेज, गूज," असं ते म्हणत होते हे मला इलाने नंतर सांगितलं. ती मोबाइलवर शूटिंग करत होती. आणि त्याच वेळी आतून, टीव्हीतून, प्रचंड आरडाओरडा आणि टाळ्या ऐकू आल्या. न थांबणाऱ्या.

सगळे एकदम मागे वळले.

फायनल संपली होती. शेवटचा पॉइंट होऊन गेला होता आणि तो कुणीच बघितला नव्हता. इतक्या वर्षांत सासूबाईंचा पहिल्यांदाच चुकला होता. माझ्यामुळे. पिठी गेली, लॉन गेलं, आणि आता हे. मला त्या खुर्चीवर उभ्या उभ्या वाटलं, आता खाली न उतरलेलंच बरं. बुधवारपर्यंत वर राहू.

दार सरकलं. सासूबाई बाहेर आल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत, मी "आई, सॉरी," म्हणायला तोंड उघडलं, तर त्या हसत होत्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एप्रिलपासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. उत्तरा म्हणते, बाबा गेल्यापासून तिनेही बघितलं नव्हतं.

त्यांनी डोळे पुसले, पदर कमरेला खोचला, आणि नागपूरच्या घरी भाजीवाल्याला हाक मारावी इतक्या साध्या आवाजात त्या नराला म्हणाल्या, "चला. झालं खाऊन. निघा आता."

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण तो निघाला. मादी मागे, पिल्लं तिच्या मागे, आणि सगळी वरात तळ्याकडे.

मग सासूबाई कोर्टच्या कडेला गेल्या. चपला काढल्या. उजवा पाय पुढे टाकणार, तेवढ्यात खाली नीट बघितलं. (गीज जेवतात तिथेच बाकीचंही उरकतात.) त्यांनी चपला परत घातल्या. पण थोडं पुढे, जिथे माझं मशीन खड्ड्यामुळे पोचलंच नव्हतं, तिथे दाट हिरव्या गवताचा एक स्वच्छ तुकडा राहिला होता. तिथे जाऊन त्यांनी पुन्हा चपला काढल्या आणि अनवाणी उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"इला, टाक गं एक बॉल," त्या म्हणाल्या.

इलाने हळूच बॉल टाकला. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा रॅकेट फिरवली आणि बॉल जाळीवरून पलीकडे गेला. "आजी, दॅट वॉज इन!" इला ओरडली. रेषा गीजच्या पोटात होती, त्यामुळे वाद घालायला कुणी नव्हतं.

त्या तासभर खेळल्या. मी बॉल आणून देत होतो. नंतर सगळ्यांनी पॅटिओवर बसून स्ट्रॉबेरी खाल्ल्या, श्रीखंडाबरोबर, कारण सासूबाईंना नुसती मलई पसंत नाही. पिठीबद्दल कुणीही अवाक्षर काढलं नाही.

सोमवारी सकाळी मी किचनमध्ये पाणी प्यायला गेलो, तर सासूबाई बाहेरच्या खोलीत नागपूरला त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. फायनलचं विचारलं असावं. मी ऐकायचं नाही असं ठरवून दाराच्या जवळ सरकलो.

"अगं, काय सांगू तुला," त्या म्हणत होत्या, आणि आवाजात इतकी माया होती की मी ग्लास खाली ठेवला. "काय रुबाब त्याचा! आणि घरच्यांवर किती जीव. कुणी अंगावर आलं तरी बायकामुलांच्या पुढे उभा राहिला, एक पाऊल मागे सरला नाही. असं माणूस मिळायला नशीब लागतं."

मी दाराच्या चौकटीला टेकलो. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तेवढ्यात पलीकडून बहिणीने काहीतरी विचारलं.

"छे गं," सासूबाई म्हणाल्या, "गुरुनाथराव कुठले! ते खुर्चीवर होते. मी त्या हंसाबद्दल बोलतेय."