तेवीस तासांची सरळ रेघ

मंगळवार, नऊ फेब्रुवारी. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. स्वीडनमधल्या उमेओतलं सरकारी रुग्णालय, तिसरा मजला, खोली क्रमांक बारा. खोलीत चार माणसं: डॉक्टर परनिला वेस्टिन, चौदा वर्षांची सिग्ने, तिची आई इल्वा आणि वडील सिक्स्टेन रोनक्विस्ट. सिक्स्टेन एका स्थानिक दैनिकात बत्तीस वर्षं बातमीदार. या बत्तीस वर्षांत त्याने दोन नगराध्यक्ष, एक बंदर-अधिकारी आणि बर्फ उपसणाऱ्या खात्याचे लागोपाठ तीन प्रमुख घरी बसवले होते. त्यामुळे कुठल्याही सरकारी खुर्चीसमोर बसताना तो पाठ ताठ ठेवून बसे.

सिग्नेची पाठ मात्र ताठ राहत नव्हती. कणा एका बाजूला झुकत चालला होता. त्यासाठी तिला बगलेपासून कमरेपर्यंत प्लास्टिकचा टणक ब्रेस दिला होता. दिवसाचे किमान वीस तास घालायचा. आत गोटीएवढं यंत्र बसवलेलं. ते दर पाव तासाला तापमान टिपायचं. तीस अंशांच्या वर असेल तर ब्रेस अंगावर, खाली असेल तर कपाटात, एवढी त्याची अक्कल.

"दहा आठवडे," परनिला म्हणाली, "रोज सरासरी तेवीस तास. इतकं नियमित घालणारं मूल मी पाहिलेलं नाही."

सिक्स्टेनने बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं.

"आणि तरीही कण्याचा बाक एकतीस अंशांवरून सदतीसवर गेला. म्हणजे ब्रेस पुरता वापरून झाला आणि उपयोग झाला नाही. आता आपल्याला ऑपरेशनबद्दल बोलावं लागेल. कण्याला सळया लावायच्या."

सिग्ने स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिली.

"एक मिनिट," सिक्स्टेन म्हणाला. (हे शब्द ऐकून बंदर-अधिकाऱ्याला घाम फुटला होता.) "पोरीने तिचं काम चोख केलं. म्हणजे ब्रेस सदोष आहे. तो कुणी बनवला, कुणी तपासला आणि सही कुणाची, हे मला लेखी हवंय."

परनिलाने संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला. "आधी हे बघा. रात्रीच्या तापमानाची रेघ. झोपेत कूस बदलली की वर-खाली होते. आणि ही सकाळी आठ ते दुपारी चारची."

ती रेघ पट्टी लावून आखल्यासारखी सरळ होती.

"माझी मुलगी शांत स्वभावाची आहे," सिक्स्टेन म्हणाला.

"श्वास तर घेत असेल?"

"घेते. पण मोजका."

"बुधवारी दहा ते अकरा शाळेत पोहण्याचा तास असतो. ब्रेस घालून पोहता येत नाही. त्या तासालाही रेघ इथेच. एकतीस पूर्णांक आठ."

 सिक्स्टेनने घसा खाकरला आणि दुसऱ्यांदा खाकरला.

"घरी बोला," परनिला सिग्नेकडे बघून म्हणाली, "आणि पुढच्या मंगळवारी या. मला खरे तास हवेत. खोट्या तेवीस तासांच्या भरवशावर मी कुणाची पाठ उघडायला पाठवणार नाही."

घरी कुणी काहीच बोललं नाही. त्याला कारण होतं. ब्रेस मिळाला त्या दिवशी तिघांत करार झाला होता: सिग्नेची पाठ, सिग्नेची जबाबदारी, कुणी विचारायचं नाही. दवाखान्याचाही तोच शिरस्ता. घरच्यांच्या फोनवर तास येत नसत. आठवडा चांगला गेला की सूर्याचं चित्र, वाईट गेला की ढगाचं. दहा आठवडे दहा सूर्य उगवले होते, तेही अशा गावात जिथे डिसेंबरात खरा सूर्य जेवणाच्या सुट्टीपुरता येतो. सिक्स्टेनने ते शेजाऱ्यांनाही दाखवले होते.

म्हणून करार न मोडता त्याने तपास करायचं ठरवलं.

बुधवारी सकाळी इल्वा सातला कामावर गेली. पावणेआठला सिग्ने बाथरूममधून बाहेर आली, कोट चढवला, वाकून बुटांच्या नाड्या करकचून बांधल्या आणि गेली. सिक्स्टेन सवयीने बाथरूममध्ये गेला, नॉब फिरवला आणि स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसला. (दैनिकाने कचेरी विकून टाकल्यापासून तो घरूनच बातम्या लिहायचा, आणि घरात पाय गरम राहतील अशी ही एकच जागा होती.) तपासाचे मुद्दे मांडले. एक, यंत्र बिघडलं आहे. दोन, रुग्णालयाने दुसऱ्याच कुणाची रेघ दाखवली. तीन...

तिसऱ्या मुद्द्याला तो थांबला. पोरगी वाकून नाड्या बांधून गेली होती. ब्रेस घालून माणूस वाकत नाही.

धुण्याची टोपली त्याच्या उजव्या गुडघ्यापासून हातभर लांब होती. बत्तीस वर्षं लोकांच्या टोपल्या उपसणाऱ्या माणसाने या टोपलीमागे कधी डोकावलं नव्हतं. आता डोकावला. टॉवेलाखाली ब्रेस होता. त्याने हात लावला. ब्रेस कोमट होता.

तो चक्रावला. पोरगी जाऊन तास उलटला होता. मग ब्रेस अजून गरम कसा? कुणी घालून गेलं का? त्याने दाराची कडी तपासली. खिडकी तपासली. परत येऊन अनवाणी उभा राहिला, आणि तळपायांना जे कळत होतं ते डोक्यापर्यंत पोचायला आणखी पाच मिनिटं गेली. फरशी गरम होती. फरशीखाली विजेच्या तारा होत्या. तारांचा नॉब तेहतीसवर होता. तो त्यानेच फिरवला होता. आज, काल, आणि डिसेंबरातल्या त्या पहिल्या सकाळपासून रोज, जेव्हा "एवढ्याने काय होतंय" म्हणून त्याने पहिल्यांदा हात लावला होता.

आता इथे एक अडचण होती. वीज वाचवण्यासाठी बाथरूमची फरशी बावीसच्या वर न्यायची नाही, हा ठराव इमारतीच्या सभेत झाला होता. तो मांडला होता सिक्स्टेनने. खालच्या सामायिक धुण्याच्या खोलीत नोटीसही लागली होती: "बावीसच्या वर जाणाऱ्याने सर्वांसमोर उत्तर द्यावं." खाली सही, तीही त्याचीच. इल्वा घरी यायच्या आत तो रोज काटा बावीसवर आणून ठेवायचा.

उघड करावं तर आपली लाज. लपवावं तर पोरीच्या कण्याला सळया. दुपारी चारपर्यंत तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. (एक कबुली द्यावी लागेल: चारला त्याने काटा नेहमीसारखा बावीसवर आणलाच.)

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. बटाटे आणि मासा.

"करार मोडतो," सिक्स्टेन म्हणाला. "ब्रेस टोपलीमागे होता."

सिग्नेने काटा खाली ठेवला. "माहितेय. मीच ठेवते."

"शाळेत कुणी हसतं का?" इल्वाने विचारलं.

"नाही गं. बूट."

"बूट?"

"शाळेत दारातच बूट काढायचे असतात ना. बाबांनी मला ते बूट घेतले. दहा भोकं, लांबलचक नाड्या. ब्रेसमध्ये वाकता येत नाही. सकाळी काढायला कुणाला तरी सांगायचं, मधल्या सुट्टीत घालायला, परत काढायला. दिवसातून सहा वेळा. सहा वेळा कुणीतरी माझ्या पायाशी बसतं."

"ते बूट वीस वर्षं टिकतात," सिक्स्टेन पुटपुटला. "चेन तुटते. नाडी तुटत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?" इल्वा म्हणाली.

"विचारायचं नाही, असं ठरलं होतं ना? मला वाटलं, कुणी विचारलं तर सांगेन."

इल्वाने आपलं ताट बाजूला सारलं.

"पण आई, ते गरम मी नाही केलं हं," सिग्ने म्हणाली. "मी नुसता टाकून जायचे. दर रविवारी वाटायचं आता ढग येईल, आणि येतोय सूर्य. मला वाटलं शाळेचे तास ते सोडून देतात."

"गरम होईलच कसा?" इल्वा म्हणाली. "फरशी तर बावीसवर असते."

सिक्स्टेन बटाटा सोलू लागला. इल्वाने नवऱ्याकडे पाहिलं. मग मोजे काढले, बाथरूममध्ये गेली आणि फरशीतली उरलेली ऊब तळपायांना लागेपर्यंत नुसती उभी राहिली. बाहेर आली तेव्हा नॉब तिच्या मुठीत होता. तिने तो पर्समध्ये टाकला.

"सिक्स्टेन," ती म्हणाली, "तुझ्या गरम पायांपायी पोर ऑपरेशनच्या टेबलावर चढत होती."

"नोटीस मी उतरवतो."

"नको. तुझी सही आहे तिच्यावर, राहू दे."

दुसऱ्या दिवशी चेनचे बूट आले. सिक्स्टेननेच आणले. सिग्नेने ब्रेस घालून, दाराला टेकून, टाचेमागे सरकवायच्या हातभर लांब शूहॉर्नने ते एका दमात चढवले आणि कुणाच्या मदतीवाचून गेली.

रविवारी मायलेकी दोन तास स्कीइंगला गेल्या. ब्रेस घरी राहिला. तेवढी सूट होती. परत आल्या तर कचऱ्याची पिशवी दारातच.

"खाली नेली नाहीस?" इल्वाने विचारलं.

"जमलं नाही," सिक्स्टेन म्हणाला. त्याचा एक बूट पायात होता, नाड्या सुटलेल्या. दुसरा बूट कोपऱ्यात. चेहरा लाल, निळा शर्ट चुरगळलेला.

मंगळवारी पुन्हा खोली क्रमांक बारा. परनिलाने पडद्यावर आकडे आणले. "गुरुवारपासून रोज एकवीस तास. रेघही माणसाची दिसतेय." ती सिग्नेकडे वळली. "म्हणजे याआधी तू जेमतेम पंधरा तास घालत होतीस. ब्रेस हरलेला नाही, त्याला संधीच मिळाली नव्हती. ऑपरेशनचं जूनपर्यंत पुढे ढकलते. चालेल?"

"चालेल," सिग्ने म्हणाली. अकरा आठवड्यांत ती पहिल्यांदा पडद्याकडे बघत होती.

"एकच गोष्ट मला कळत नाही. रविवारी तू अकरा ते एक स्कीइंगला होतीस, असं तू वहीत लिहिलंयस. पण साडेअकरा ते पावणेएक ब्रेस कुणाच्या तरी अंगावर आहे. छत्तीस अंश. आणि रेघ बघा, नुसती उड्या मारतेय, जणू कुणीतरी सारखं वाकायचा प्रयत्न करतंय."

"फरशी?" सिग्नेने विचारलं.

"नॉब माझ्या पर्समध्ये आहे," इल्वा म्हणाली.

परनिलाने ब्रेसच्या आतल्या मऊ अस्तरात बोट घातलं आणि काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. शर्टाचं निळं बटण होतं, धाग्यासकट उपटलेलं.

खोलीत चांगलंच गरम होतं. तरी सिक्स्टेनने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि खिडकीबाहेरच्या बर्फाबद्दल काहीतरी बोलायला लागला. सिग्ने त्याच्याकडे बराच वेळ बघत होती, आणि हसत नव्हती.

ते बटण अजून परनिलाच्या टेबलावरच्या वाटीत आहे. न्यायला कुणी आलेलं नाही.