यासूर, मी आणि व्याह्याच्या डोक्यावरचं लापलाप

तान्ना बेटावर माझ्याइतकं ज्वालामुखीतलं कुणाला कळत नाही, हे मी छातीठोक सांगतो! शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण यासूरची राख खाऊन वाढलोय. पुस्तकवाले येतात, आमच्या डोंगराला ‘लहानसा शंकू’ म्हणतात आणि फोटो काढून पळतात. लहानसा? अरे, दर थोड्या वेळाने आग ओकतो तो! तुमची पुस्तकं काय ओकतात?

पण खरा घाव घातला तो होणाऱ्या व्याह्याने. हा बोंग, अम्ब्रिम बेटाचा. आल्या आल्या यासूरकडे बघून म्हणाला, “हा होय? आमच्याकडे अशा उंचवट्यावर कोंबड्या बसतात.”

“व्याहीबुवा, तोंड सांभाळून!”

“आमचा डोंगर ढालीसारखा पसरलेला. आतून रिकामा झाला, माथा खाली बसला, तर एवढं विवर झालं की त्यात तुमचं अर्धं बेट मावेल!”

“म्हणजे तुमचा डोंगर खचला! आमचा अजून उभा आहे!”

बोंगचा चेहरा पडला. मग त्याने मेजवानीसाठी काढलेल्या माझ्या भट्टीच्या दगडांकडे बोट केलं. “एवढ्याशा खड्यांवर आमच्या माणसांचं जेवण शिजणार? नाही जमलं तर सांगा. लिलीचं लग्न अम्ब्रिमला लावू.”

माझ्या पोरीचं लग्न परक्या बेटावर? मेलो तरी नाही!

तडक ओढ्यावर गेलो आणि टरबुजाएवढे गुळगुळीत दगड आणले. बायको मार्था ओरडली, “अहो, ते पाणी प्यायलेले दगड आहेत! सासूबाईंचे कोरडे काळे दगड काय वाईट होते?”

“ज्वालामुखीखाली जन्मलेल्या माणसाला दगड शिकवतेस?”

खड्डा खणला, दगड तापवले. त्यांवर केळीच्या पानांत बांधलेलं अख्खं डुक्कर आणि लापलाप, म्हणजे किसलेल्या कोनफळाचे आमचे जाड पोळे, ठेवलं, वर आणखी दगड. मग माती अशी गच्च थापली की वाफेला बाहेर पडायला फट नाही. माती उरली, म्हणून वर हुबेहूब यासूर बनवला. वर छोटं मुखसुद्धा! बघू दे बोंगला!

पाहुणे वडाखाली बसले. तेवढ्यात ‘धुम्म!’

“ऐका!” मी गरजलो. “आमचा यासूर वऱ्हाडाला नमस्कार करतोय!”

पुन्हा ‘धुम्म!’ यावेळी पायाखालून.

“अहो, हा आवाज घरामागून येतोय,” मार्था म्हणाली.

“गप्प बस! डोंगराचा आवाज मी ओळखतो!”

‘धडाड!’

माझा यासूर आभाळात गेला! मातीचा पाऊस पडला. पाद्रीबाबा बाकाखाली शिरले. डुक्कर नीरफणसाच्या झाडावर जाऊन बसलं, अगदी शहाण्यासारखं, चारी पाय फांदीच्या दोन्ही बाजूंना. आणि लापलापचा एक गरमागरम पोळा बोंगच्या डोक्यावर टोपीसारखा बसला.

कुणी हसेना. लिली रडकुंडीला आली. संपलं, लग्न अम्ब्रिमला!

बोंग उठला. डोक्यावरचं लापलाप तोडून खात खड्ड्याशी गेला आणि काठावर उकिडवा बसला.

“शंकू नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “ढालही नाही. पाणी अडकलं, तापलं, वाट मिळेना म्हणून जमीनच उडवली. काठ बुटका, खड्डा रुंद. असली स्फोटाची विवरं आमच्या किनाऱ्यावर आहेत. पण ती डोंगराने केलेली.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “माणसाने केलेलं आज पहिल्यांदा पाहिलं, इओलू! लग्न इथेच. आणि ते डुक्कर उतरवा, छान शिजलंय.”

मी असा फुगलो, की सदऱ्याचं बटण तुटलं!

आता अम्ब्रिमला बोंग ज्वालामुखीचे तीन प्रकार सांगतो म्हणे: शंकू, ढाल आणि इओलू. तिसरा मी! नावाचं विवर असलेला दुसरा माणूस दाखवा कुठल्या बेटावर!

फक्त एक झालंय. घरी भट्टी पेटवायची असली, की मार्था मला आधी यासूरच्या काठावर पाठवून देते. म्हणते, “तिकडे बसा. आम्हाला धोका कमी.”