सखादादांची मडम

सखादादांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आमचं सामान टेम्पोतून उतरत होतं आणि मी काखेत गादीची वळकटी, हातात देवांची पेटी अशा अवतारात दारात उभा होतो. समोरच्या पडवीतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ रस्ता ओलांडून आले. त्यांनी बाजारात बैल पारखावा तसं मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "भाकऱ्या किती खाता?"

"दोन," मी म्हणालो. मास्तराला प्रश्न विचारायची सवय असते, उत्तर द्यायची नसते, तरी दिलं.

"आनि सूनबाय?"

"एक," माझी बायको सुनीता म्हणाली.

"कमीच हाय. पन चालंल. मडम अजून पुरी भरली नाय, तुमी आलात तर भरंल. हातपाय धुवा नि या."

मडम हा काय प्रकार आहे ते आम्हाला कळेना. मुंबईहून आलेली कोणी बडी पाहुणी असावी असं समजून सुनीताने ट्रंकेतून इस्त्रीची साडी काढली, मी भांग पाडला. समोर गेलो तर पडवीत चुलीवर एक काळंकुट्ट, पोट सुटलेलं बिडाचं भांडं बसलं होतं. झाकणावर निखारे, खाली निखारे. सखादादा कौतुकाने त्या भांड्याकडे बघत म्हणाले, "ही मडम."

आम्ही महाडचे. आमच्या गल्लीत दर दोन-चार वर्षांनी सावित्री नदी न विचारता घरात येते, म्हणून बिरवाडीला, शाळेच्या जवळ, भाड्याने राहायला आलो होतो. सखादादा मूळचे पोलादपूरकडच्या कापड्याचे. उभा जन्म मुंबईत एका जुन्या क्लबाच्या भटारखान्यात आचारी म्हणून गेला. तिथे कधीकाळी साहेबलोकांनी आणलेली ही हंडी होती. क्लबातले लोक तिला डच ओव्हन म्हणत. नवा भटारखाना झाला तेव्हा ती भंगारात निघाली. दादांनी ती मागून घेतली आणि एसटीने गावी आणली. कंडक्टर तिचं लगेज फाडायला लागला तर दादांनी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "मांडीवरच्या पोराचं तिकीट लागत नाय." मुंबईपासून पोलादपूरपर्यंत ते तसेच बसून आले. नंतर आठवडाभर त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं, पण कंडक्टरला गप्प केल्याचं समाधान अजून चेहऱ्यावर आहे.

मडमचे नियम फार. मडमला साबण चालत नाही. गरम पाणी आणि नारळाचं सोडण, बस. धुतली की तशीच ठेवायची नाही, मंद निखाऱ्यावर कोरडी करायची आणि मग फडक्याने तेलाचा हात फिरवायचा. तोही जेमतेम. "पाजायचं, न्हाऊ नाय घालायचं," असं दादा म्हणत. आंबट तिला सोसत नाही, अंगावरचं काळं कातडं जातं. त्यामुळे वालाच्या बिरड्यात आमसूल पडायचं ते ताटात, आणि ज्याने त्याने आपलं आपण घालून घ्यायचं. पावसाळ्यात तिला गंज धरू नये म्हणून ती चुलीच्या उबेला पालथी निजायची. दादांच्या स्वतःच्या अंथरुणाला त्या दिवसांत बुरशीचा वास यायचा, त्याचं त्यांना काही नसे.

एकदा सुनीताने कृतज्ञतेपोटी घोटाळा केला. जेवणं झाली, दादा पान लावत बसले होते, आणि हिने मागच्या बाजूला नेऊन मडमला साबण आणि तारेच्या घासणीने असं घासलं, की ती राखाडी होऊन चमकायला लागली. चिंच लावून पितळ लख्ख करणाऱ्या घराण्यातली ती, काळं दिसलं की हात शिवशिवतात. हंडी मिरवत घेऊन आली. दादांच्या हातातलं पान हातातच राहिलं. मग म्हणाले, "सूनबाय, कष्ट खूप घेतलंस गो." एवढंच. पुढचे कित्येक दिवस आमच्या आळीला तापलेल्या तेलाचा वास येत होता. मडम पुन्हा काळी होईपर्यंत सुनीता मागच्या दाराने ये-जा करत होती.

निवृत्तीनंतर दादांनी बिरवाडीला घर बांधलं, त्याच्यामागे भाड्याच्या खोल्या आहेत. एमआयडीसीत काम करणारे लोक तिथे राहतात. त्यातला वानखेडे अकोल्याकडचा, केमिकल कारखान्यात पाळीवर. त्याने एकदा तापल्या मडममध्ये गार पाण्याचा तांब्या ओतायला हात उचलला, तर दादा पडवीच्या या टोकापासून त्या टोकाला असे उडाले, की त्या वयात माणूस उडू शकतो हे मला तेव्हा कळलं. "बीड हाय ते, वाकत नाय, तडकतं," ते धापा टाकत म्हणाले. वानखेडे त्यानंतर मडमजवळ जाताना चप्पल काढायचा.

पण सगळ्यात कडक नियम वेगळाच होता. मडम अर्धी भरलेली चालत नाही. "अर्ध्या पोटी ठेवली की ती रुसते," दादा सांगत. "कडंला करपवते, मधी कच्चं ठेवते. भरली पायजे." आता ती भरायची म्हणजे दहा-बारा माणसांचं रांधण आलं, आणि दादा तर एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा विलास डोंबिवलीला. मग रोज सकाळी दादांची माणसांची शोधाशोध सुरू व्हायची. गॅसचा सिलिंडर आणणारा, वीजमीटर बघायला आलेला, पाचाडहून तांदूळ घेऊन येणारा, कोणी सुटत नसे. "जेवलो" असं सांगून उपयोग नव्हता. "परत जेव. मडमचं रांधन तुझ्यामुळं वाया जायला नको," असं ते म्हणाले की समोरचा वरमायचा. एकदा पत्ता चुकून आलेल्या विमा एजंटाला त्यांनी कोंबडी-भाकरी खाऊ घातली. तो बिचारा पॉलिसीबद्दल बोलायचंच विसरला आणि जाताना झोपाळलेल्या डोळ्यांनी पाया पडून गेला.

काकडीचं धोंडस करायचे तेव्हा तर माणसं शोधावी लागत नसत. मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ मडममध्ये घालून वर-खाली निखारे ठेवले, की तो खरपूस वास शाळेपर्यंत यायचा आणि माझा सातवा तास लवकर संपायचा.

आमच्या आळीचा मडमच्या रुसण्यावर पूर्ण विश्वास होता. सुनीतानेही पुढे बिडाची एक कढई घेतली आणि तिच्यात दोघांपुरती भाजी करायला ती तयार होईना. "दादा सांगतात ना, रुसतं ते," असं म्हणून ती कढईभर भाजी करायची आणि मी तीन दिवस तीच खायचो. बीएस्सी झालेली बाई आहे, पण श्रद्धेपुढे काय चालतंय.

मागच्या वर्षी मडम उचलताना दादांच्या कमरेत उसण भरली. साधीसुधी नव्हे, दोन माणसांनी धरून खाटेवर निजवावं लागलं. महाडच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, जड उचलायचं नाही, पुन्हा उचललंत तर अंथरुणाला खिळाल. विलास धावत आला. मुलगा सरळ आहे, बोलण्यात जरा घाई एवढंच. त्याने ऑनलाइन एक छोटी बिडाची हंडी मागवली, एका माणसाच्या भाताएवढी, अगदी बाहुलीच्या खेळातली वाटावी अशी. मडमला त्याने पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि जाताना मला बाजूला घेतलं.

"सर, तुम्ही लक्ष ठेवा. बाबांनी ती मोठी हंडी परत उचलली असं कळलं, तर मी त्यांना डोंबिवलीला घेऊन जाणार. आणि ते भांडं भंगारात."

अशी माझी मडमवर पहारेकरी म्हणून नेमणूक झाली. दादांना डोंबिवली नको होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा छोट्या हंडीशी त्यांचं जमायला हवं होतं आणि ते जमेना. मी रोज शाळेतून येताना विचारायचो, काय दादा, जमलं का? कधी भात करपला म्हणायचे, कधी वाल कच्चे राहिले म्हणायचे. "ही नवी काय कामाची नाय हो मास्तर. हिला चवच नाय." मी म्हणायचो, नवीन आहे, तेल पाजा, मुरेल. ते मान हलवायचे. महिन्या-दीड महिन्यात त्यांचा शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. आळीतले लोक सुरुवातीला डबे द्यायचे, मग ज्याचा तो आपल्या कामाला लागला. वानखेडे मेसमध्ये जेवायला लागला.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी घरी जेवून, ढेकर देऊन, दादांकडे डोकावलो. ते खाटेवर बसले होते. समोर पाटावर ताट वाढलेलं, शेजारी ती छोटी हंडी. मी झाकण उचललं. भात मोकळा, दाणा न् दाणा सुटा, बिरडं असं की वाल अख्खे आणि बोटाने दाबला तर मऊ. करपल्याचा डाग नाही. ताट मात्र गार पडलेलं होतं. त्याला हात लागलेला नव्हता.

"दादा, हे तर उत्तम झालंय. मग रोज करपतं असं का सांगता?"

ते थोडं हसले. चोरी पकडल्यावर माणूस हसतो तसं.

"करपत नाय, मास्तर. कधीच करपलं नाय. मडमपन कधी रुसली नाय. मूठभर भात घातला तरी गुमान करते ती. बिडाला काय कळतंय भरलंय का रिकामं?"

मी पाटाशेजारी बसलो.

"मग तो नियम?"

"मी केला. रोज कुनाला म्हनायचं, बाबा रे, माझ्याबरोबर जेवायला ये, मी एकटा हाय? एक दिवस येतील, दोन दिवस येतील, मग दया करतील. मडमचं नाव सांगितलं की लोकांना वाटतं आपनच तिच्यावर उपकार करतोय. पोटभर जेवतात, हसतात. मानूस बरा वाटतो जेवताना."

मग त्यांनी जे सांगितलं ते एरवी कधी सांगितलं नव्हतं. क्लबात ते शेकडो माणसांचं रांधायचे आणि स्वतः भटारखान्याच्या मागच्या दारात उभ्याने खायचे. कापड्यात त्यांची बायको चुलीपुढे एकटी जेवायची. शिमग्याला आणि गणपतीला काय ते एकत्र, तेही घर पाहुण्यांनी भरलेलं. निवृत्त झाल्यावर दोघांनी रोज समोरासमोर बसून जेवायचं, असं ठरलं होतं. ते सुरू झालं आणि वर्ष भरायच्या आत ती गेली.

"आमचा सगळा संसार वेगवेगळ्या ताटांत गेला, मास्तर. ती गेली तवा ठरवलं, आता एकट्यानं जेवायचं नाय. डोंबिवलीला तरी काय? विलास रातच्याला येतो, त्याची बायको लवकर जेवते, नातू मोबाइल बघत खातो. तिथंबी ताट एकटंच."

"हे विलासला सांगितलंत?"

"त्याला कशाला? त्याला त्याचा संसार हाय."

मी उठून दुसरं ताट आणलं आणि त्या छोट्या हंडीतला भात दोघांत वाटला. पोटात जागा नव्हती, तरी जेवलो. दादाही जेवले, आणि बऱ्याच दिवसांनी आमसूल मागून घेतलं. घरी गेल्यावर मी विलासला फोन केला. बाकी काही बोललो नाही, एवढंच म्हणालो, रविवारी ये, आणि जेवायला ये.

विलास आला तो कपाळाला आठी घालूनच. बापाने हंडी उचलली असणार, अशी त्याची खात्री होती. मी त्याला म्हणालो, तूच उचल. त्याने मडमची कडी धरली, कोपऱ्यातून नेऊन चुलीवर ठेवेस्तोवर त्याचं तोंड लाल झालं. दादा खाटेवरून सूचना देत होते, हळू, टेकव, आपटू नको, तडकंल. गावठी कोंबडी होती. वानखेडे पाळी बदलून आला, सुनीताने भाकऱ्या थापल्या, मागच्या खोल्यांतले सगळे आले. विलास चार भाकऱ्या जेवला आणि आपण चार जेवलो याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. जेवणं झाल्यावर सोडण घेऊन त्यानेच मडम घासली, तीही जागेवरच. डोंबिवलीचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

संध्याकाळी आम्ही त्याला सोडायला फाट्यावर गेलो. दादा कमरेला पट्टा बांधून हळूहळू चालत होते. फाट्यावर पोचल्यावर विलास म्हणाला, "बाबा, येईन अधूनमधून. नाहीतर तुमची मडम रुसायची."

चेष्टेतच म्हणाला. मला वाटलं आता दादा नेहमीसारखे म्हणतील, व्हय रे, अर्ध्या पोटी ठेवली की करपवते ती. पण ते म्हणाले, "मडमला काय होत नाय रे विलास. ते मी उगाच सांगतो लोकांना. मलाच एकट्याला जेवन जात नाय. माझ्यासाठी ये."

पनवेलची एसटी वळणावरून आली, थांबली, कंडक्टरने दार उघडलं. विलासने त्याला हात करून पुढे जायला सांगितलं आणि बॅग पुन्हा खांद्याला लावून तो बापाबरोबर मागे फिरला.