आधी तुम्ही मारा

टेलर मास्तर एकाच गोष्टीसाठी झुरत होते. एखाद्या रविवारी बायकोनं पेंटबॉलच्या मैदानावर यावं, कडेच्या बाकावर बसावं आणि आपला खेळ बघावा. बायको पोस्टात खिडकीवर होती. दिवसभर ती अख्ख्या जगाची तोंडं बघायची, आणि घरी आली की मास्तरांकडे बघायला तिच्या डोळ्यांत त्राण उरायचं नाही.

“येतेस का उद्या?” मास्तरांनी भीतभीत विचारलं.

“त्या टोळीत? अहो, गेल्या खेपेला तुमच्या दातांच्या डॉक्टरांनी जिन्याच्या भिंतीला पाठ टेकली. त्यांची गुलाबी पाठ अजून आहे तिथे! आणि त्या बस ड्रायव्हरच्या शिव्या ऐकून खालच्या मावशींनी खिडक्या लावून घेतल्या. लोक मला विचारतात, तुमचे मिस्टर गुंडगिरी करतात का म्हणून.”

“अगं, खेळ आहे तो. रंगाच्या गोळ्या असतात. लागली की आपणच हात वर करून बाहेर जायचं, आणि मैदानातला झेंडा उचलला की जिंकलं. सगळा इमानाचा कारभार.”

“इमान? डॉक्टर गुपचूप रंग पुसून पुन्हा खेळतात, हे तुम्हीच सांगितलंत ना?”

मास्तरांनी तोंडातली टाचणी गिळायचीच बाकी ठेवली.

“तुमची माणसं माणसांत आली, की येईन,” ती म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.

मास्तरांना तेवढं पुरलं. सकाळी खेळाआधी त्यांनी दोन्ही संघांना गोळा करून चांगलंच फैलावर घेतलं. “आपल्या वागण्यानं खेळाचं नाव बद्दू झालंय. आज तुमच्या वहिनी येणार. शिवी बंद. मागून मारणं बंद. आणि गोळी लागल्याची नुसती शंका जरी आली, तरी हात वर!” मास्तरांचा आवाज इतका कातर झाला होता की ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी तरळलं. सगळ्यांनी शपथा घेतल्या.

मास्तरांनी शपथांची बातमी घरी कळवली, आणि बायको खरंच आली. रुमालानं बाक पुसून बसली. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं.

शिट्टी वाजली. पहिल्याच मिनिटाला ड्रायव्हर आणि डॉक्टर एका भिंतीआड समोरासमोर आले.

“डॉक्टर, मारू का?”

“आधी तुम्ही मारा.”

“छे छे, तुम्ही वयानं मोठे. आधी तुम्ही.”

असं बराच वेळ चाललं. अखेर ड्रायव्हरनं डोळे मिटून गोळी झाडली. ती कुठल्या झुडपात गेली देव जाणे, पण डॉक्टरांनी हात वर केला. “लागली!”

“कुठे लागली?”

“शंका आली.”

डॉक्टर बाकावर जाऊन वहिनींशेजारी बसले. वहिनींनी कौतुकानं मान हलवली, आणि तिथेच घात झाला. डॉक्टरांसारखा माणूस इमानात आपल्यापुढे जातो म्हणजे काय! ड्रायव्हरलाही ताबडतोब शंका आली. मग शंकांची साथच पसरली. गोळ्या न झाडताच माणसं हात वर करून निघाली. बघता बघता दोन्ही संघ बाकाभोवती जमले, आणि मैदानात पिंपाआड उरले एकटे मास्तर.

बाकावर गप्पांना ऊत आला होता. ड्रायव्हर संत्रं सोलून देत होता. डॉक्टर वहिनींची दुखरी दाढ बघत होते. मध्येच ती खळखळून हसली. हे हसणं मास्तरांनी घरात कधीपासून ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं तेही पिंपामागून.

“मास्तर, झेंडा घ्या आणि या आता!” कुणीतरी हाक मारली.

निदान झेंडा उचलताना तरी ती बघेल, या आशेनं मास्तर रांगले, लोळले, उगाचच एका ओंडक्यावरून उडी मारली. पाय घसरला, चाप ओढला गेला, आणि गोळी त्यांच्याच बुटावर फुटली. कुणाचं लक्ष नव्हतं. झेंडा हाताच्या अंतरावर होता. मास्तरांनी एक उसासा टाकला आणि हात वर केला.

“लागली!”

बाकावर हशा पिकला. “पुरे झालं सौजन्य, मास्तर! मारली कुणी?”

“मीच!”

आता तर लोक पोट धरून हसायला लागले. बायको मात्र उठली. “सगळेच बाद? मग एवढी इस्त्री मोडून मी आले कशाला? द्या तो मुखवटा!”

तिनं ड्रायव्हरचा मुखवटा चढवला, त्याचीच बंदूक घेतली. डॉक्टर पुन्हा मुखवटा लावून झेंडा राखायला धावले. तिची पहिलीच गोळी त्यांच्या पोटावर बसली. सवयीनं त्यांचा हात पुसायला गेला, तशी पोस्टातल्या इतक्या वर्षांची शिल्लक तिच्या तोंडून बाहेर पडली. ऐकून ड्रायव्हरनं कानांवर हात ठेवले.

मास्तर बाकावर येऊन टेकले. प्रत्येक गोळीनंतर ती वळून त्यांच्याकडे बघत होती.

“अहो, बघितलंत का?”

हा प्रश्न घरात त्यांनी किती वेळा ऐकला होता! खिडकीत फुललेलं रोप, नवा पडदा, केसांची वेगळी ठेवण. शिलाई मशीनवरून मान वर न करता ते दर वेळी “हं” म्हणून मोकळे झाले होते. त्यांना आता फार वाईट वाटलं. मुखवट्यासकट ते बाकावर उभे राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, “बघितलं! सगळं बघितलं!”

एक गुलाबी गोळी सणसणत आली आणि त्यांच्या छातीवर फुटली.

“मग करा हात वर!” ती म्हणाली.