मुदतवाढीचा डिंक

एका जंगलात एक सरकारी कोठी होती, मुलांनो. कोठी म्हणजे सामान ठेवायची खोली. वर पत्रा, आत जंगलभरच्या कामांचं सामान. त्यात लाकूड चिकटवायच्या डिंकाचे डबे होते.

असा डिंक झाकण घट्ट लावून सावलीत ठेवला, तर वर्ष-दीड वर्ष चांगला राहतो. पत्र्याखाली तापला की त्याआधीच नासतो. आंबूस वास येतो, तारा सुटतात, आणि मग तो काहीच धरून ठेवत नाही. हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. कोठीच्या नियमांत मात्र ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

डिंक उघडण्याबद्दल नियम एवढाच होता, की जुना डबा संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही. हसू नका. कालची पोळी आधी संपवायची म्हणून रोज शिळीच खाणारी घरं मी पाहिली आहेत. इथेही जुना डबा संपेपर्यंत नवा जुना होई.

कोठी घोरपडबाईंच्या ताब्यात होती. घोरपड एकदा धरलं की सोडत नाही. बाईंचं निवृत्तीचं वय उलटून सहा वर्षं झाली होती, पण दर वर्षी त्यांना मुदतवाढ मिळे. त्यामुळे मुदतवाढीवर त्यांचा फार विश्वास. दर पाडव्याला त्या डिंकाच्या डब्यांवरही नव्या तारखेचा शिक्का मारत.

एकदा सिंहमहाराजांची खुर्ची वाळवीने खाल्ली. नवी करायचं काम टोकाजी नावाच्या सुतारपक्ष्याकडे आलं. महाराजांखाली खुर्ची मोडली तर सुताराला खाऊन टाकायचं, अशी तिथली रीत होती. घरी टोकाजीची बायको अंड्यांवर बसलेली.

त्याने कोठीतून डबा आणला. दोन ढलप्या चिकटवून दाबून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नुसती फुंकर मारली तर त्या सुटल्या. टोकाजी घाबरला. हा डिंक गेला आहे, नवा डबा द्यावा, असा लेखी अर्ज त्याने केला.

"टोकाजी, डब्यावरची तारीख वाचा," घोरपडबाई म्हणाल्या.

"बाई, जरा वास घेऊन बघा."

"आमच्या फॉर्मात वासाचा रकाना नाही."

टोकाजी परत गेला. त्याने चोचीने खाचा पाडल्या, लाकडात लाकूड बसवलं, बांबूच्या खुंट्या ठोकल्या. डिंकाचा थेंबही लावला नाही. डबा खड्ड्यात ओतला आणि रिकामा करून परत दिला, कारण डबा रिकामाच परत करायचा, हाही कोठीचा नियम होता.

दरबार भरला. महाराज खुर्चीत बसले. मग उठून मुद्दाम आदळून बसले. खुर्ची करकरलीसुद्धा नाही. टोकाजीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात घोरपडबाई त्याचा अर्ज घेऊन पुढे आल्या.

"महाराज, डिंक नासका आहे असं यांनी लिहून दिलं होतं. आपण त्याच डिंकावर बसला आहात."

महाराजांनी टोकाजीला विचारलं, डिंक कुठला लावलास? खरं सांगावं तर सरकारी माल ओतून दिल्याचा गुन्हा. टोकाजी हळूच म्हणाला, "कोठीतलाच."

मला त्याची कीव येते आणि रागही येतो.

खोटी तक्रार केली म्हणून टोकाजीचं काम गेलं. घोरपडबाईंना एकदम दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली. आणि ओढ्यावरचा शाळेचा पूल त्याच डिंकाने बांधावा, असा हुकूम निघाला.

तात्पर्य: डिंक नासका असेल तेव्हा काम चोख करू नये. चोख कामाने नासक्या डिंकाची मुदत वाढते.